लॅपटॉप लवकर हाताशी यावा म्हणून: स्टार्टअपची साफसफाई आणि हायबरनेटचा नित्य वापर

‘लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागतो’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळे वेळ दडलेले असतात. बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारणारा पडदा येईपर्यंतचा वेळ हा पहिला. पासवर्ड दिल्यानंतर पडद्यावरची चिन्हे दिसू लागतात, पण माउसचे गोल फिरणारे चक्र थांबत नाही आणि उघडलेली फाइल प्रतिसाद देत नाही, तो दुसरा. तिसऱ्या वेळेचा हिशेब सहसा कोणीच ठेवत नाही: काल अर्धवट सोडलेली एक्सेलची फाइल शोधायची, ब्राउझरमधली दहा-बारा पाने पुन्हा उघडायची, पीडीएफमध्ये आपण कोणत्या पानावर होतो ते आठवायचे. पहिल्या दोन वेळांवर स्टार्टअपची साफसफाई, म्हणजे मुख्यतः आपोआप सुरू होणाऱ्या अ‍ॅप्सची छाटणी, हा उपाय आहे. तिसरा वेळ मात्र हायबरनेटच्या, म्हणजे उघडे काम डिस्कवर जपून यंत्र बंद करण्याच्या सोयीच्या, वापराने वाचतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा असतो. म्हणून या लेखात दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

लेखातील पायऱ्या विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींना लागू पडतात. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी घराघरांत आणि लहान कार्यालयांत तीच आवृत्ती अजून चालू आहे, आणि मंद सुरुवातीची तक्रारही मुख्यतः तिथूनच येते.

आधी मोजणी

मोजल्याशिवाय उपाय करू नये, कारण वेळ नेमका कुठे जातो हे अंदाजाने क्वचितच कळते. मोजणीपूर्वी एकदा स्टार्ट मेनूतून ‘रिस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा बटण दाबले तर खरी सुरुवात मोजली जात नाही; असे का, ते पुढे येईल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ (विंडोज १० मध्ये ‘स्टार्टअप’) या भागात उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायॉस टाइम’ असा आकडा दिसतो. विंडोजच्या हाती सूत्रे येण्यापूर्वी यंत्राच्या मूळ प्रणालीने, म्हणजेच बायॉसने, किती सेकंद घेतले, हे तो सांगतो. हा आकडा दहाच्या आत असेल तर बायॉसकडे वळून पाहण्याची गरज नाही. वीस किंवा त्याहून अधिक असेल तर विंडोजमध्ये कितीही आवराआवर केली तरी तेवढे सेकंद कमी होणार नाहीत. ते बायॉसमध्येच जाऊन कमी करावे लागतील.

याहून नेमका तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतो. स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ असे शोधून तो उघडावा आणि डाव्या बाजूला क्रमाने ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ आणि ‘ऑपरेशनल’ असे आत जावे. तेथे १०० क्रमांकाची नोंद शोधायची. तिच्यात ‘बूट ड्युरेशन’ पुढे मिलिसेकंदांत आकडा असतो. ९४००० असेल तर ९४ सेकंद. ‘डिटेल्स’ या भागात हाच वेळ दोन तुकड्यांत दिसतो. ‘मेनपाथ बूट टाइम’ म्हणजे डेस्कटॉप दिसेपर्यंतचा आणि ‘बूट पोस्टबूट टाइम’ म्हणजे त्यानंतर यंत्राची धावपळ शांत होईपर्यंतचा वेळ. समजा ९४ सेकंदांपैकी २६ पहिल्या तुकड्यात आणि ६८ दुसऱ्या तुकड्यात गेले असतील, तर विंडोज स्वतः बऱ्यापैकी वेगाने सुरू होत आहे आणि वेळ खात आहेत ती त्यामागोमाग स्वतःहून सुरू होणारी अ‍ॅप्स, हे उघड होते. त्याच यादीत १०१ क्रमांकाच्या नोंदी रेंगाळणाऱ्या प्रोग्रॅमचे, १०२ च्या ड्रायव्हरचे (यंत्राचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) आणि १०३ च्या सर्व्हिसचे (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) नाव थेट सांगतात. इतका स्पष्ट पुरावा यंत्र स्वतःच लिहून ठेवत असताना लोक तो न पाहता ‘फॉरमॅट’ मारायला निघतात, याचे आश्चर्य वाटते.

आपोआप सुरू होणाऱ्या अ‍ॅप्सची छाटणी

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये प्रत्येक नावापुढे ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा शेरा असतो. सुरुवातीच्या काळात एखादे अ‍ॅप प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेत असेल किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन करत असेल, तर त्याला ‘हाय’ हा शेरा मिळतो. शेऱ्याच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावावी आणि वरून एकेका नावाचा विचार करावा. नको असलेल्या नावावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ निवडले की ते अ‍ॅप आपोआप सुरू होणे थांबते. अ‍ॅप काढून टाकले जात नाही, लागेल तेव्हा उघडता येते, त्यामुळे येथे घाबरण्याचे कारण नाही.

मीटिंगची आणि गप्पांची अ‍ॅप्स, गाण्यांची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरसोबत आलेले ‘असिस्टंट’ आणि निरनिराळे ‘अपडेटर’ यांना रोज सकाळी हजेरी लावण्याचे काहीच कारण नसते. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह यांचा निर्णय मात्र विचार करून घ्यावा; ते बंद केले तर आपण हाताने उघडेपर्यंत फाइली क्लाउडवर (इंटरनेटवरील साठ्यात) चढत नाहीत, आणि ही गोष्ट अनेकांना दुसऱ्या यंत्रावर जुनी फाइल दिसल्यावरच कळते. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नावांना हात लावू नये. डिजिटल सहीचा डोंगल रोज वापरणाऱ्यांनी त्याचे साधन चालू ठेवावे. मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही ते चालू ठेवावे लागते. पण ज्यांना केवळ युनिकोडमध्ये आणि उच्चारानुसार टाइप करायचे आहे, त्यांच्यासाठी विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक आतच आहे, आणि त्यासाठी काहीही वेगळे सुरू व्हावे लागत नाही.

या यादीबाहेर राहून वेळ खाणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली ब्राउझर. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि क्रोममध्ये ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहण्याची परवानगी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ‘सिस्टीम’ या सेटिंगमध्ये सापडतात. चार जीबी रॅमच्या यंत्रावर त्या बंदच बऱ्या. दुसरी, ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ आणि त्यातील ‘साइन-इन ऑप्शन्स’ येथे एक स्विच असतो, जो आधी उघडी असलेली अ‍ॅप्स पुन्हा साइन-इन करताच परत उघडतो. हायबरनेट वापरायचे ठरवले की त्याची गरज उरत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे लॅपटॉपसोबत चाचणीपुरता आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस. तो वापरायचा नसेल तर रीतसर अनइन्स्टॉल करावा. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम हाती घेतो. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीही ठेवू नयेत.

येथेच दोन सल्ल्यांपासून सावध करणे आवश्यक वाटते. ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘बूट’ भागातील ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ या चौकटीत सर्वांत मोठा आकडा निवडा म्हणजे लॅपटॉप झपाट्याने सुरू होईल, असे सांगणारे व्हिडिओ अजूनही फिरत असतात. ती चौकट रिकामी असताना विंडोज सगळे प्रोसेसर वापरतेच. तिचा उपयोग चाचणीसाठी प्रोसेसरची संख्या कमी करण्यापुरता आहे. दुसरा सल्ला रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग जिथे ठेवते तो साठा) साफ करणाऱ्या ‘क्लीनर’चा. त्याने सुरुवातीचा वेळ कमी होत नाही. उलट बरेच क्लीनर स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात.

बायॉस आणि डिस्क

बायॉसचा आकडा मोठा आला असेल तर यंत्र सुरू होताच एफ-२, डिलीट किंवा कंपनीने ठरवलेली कळ दाबून बायॉसमध्ये जावे. तेथे ‘फास्ट बूट’ चालू करावे, बूटच्या क्रमात विंडोज असलेली डिस्क सर्वांत वर आणावी आणि नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करावा. बाकी काही बदलू नये.

डिस्कचा मुद्दा मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. जुन्या लॅपटॉपमधील फिरती हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या आणि एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली (हेड) येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय डोके त्या जागी सरकण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरापेक्षाही कमी तुकडे वाचू शकते. विंडोज आणि त्यामागून येणारी अ‍ॅप्स सुरू होताना असे हजारो लहान तुकडे वाचले जातात. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कित्येक मिनिटे १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भाग नसल्याने साधी साटा जोडणीची एसएसडीदेखील असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. फिरत्या डिस्कवर विंडोज १० किंवा ११ चालवत असाल तर वरची सगळी छाटणी केल्यावरही फरक मर्यादितच राहील, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी एसएसडीवर करावेत, रॅमवर नंतर. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागीच साटा एसएसडी बसते आणि मूळ डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर करता येते. मात्र प्रत करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी घेतलेला असावा.

‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे

रात्री लॅपटॉप शट डाउन केला असताना सकाळी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘सीपीयू’खालील ‘अप टाइम’ पाहावा. तेथे अनेकदा चार-पाच दिवस किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो, आणि तो चुकलेला नसतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन करताना आपली अ‍ॅप्स आणि आपले खाते बंद होते, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे शट डाउन हे प्रत्यक्षात अर्धे हायबरनेट आहे. पूर्ण नवी सुरुवात होते ती ‘रिस्टार्ट’ केल्यावर. ‘मी तर रोज शट डाउन करतो, तरी यंत्र अडखळते’ या कोड्याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

या अर्ध्या हायबरनेटमध्ये दोन्हीकडचा तोटा पदरी पडतो, असे माझे मत आहे: गाभ्यात साचलेला बिघाड तसाच राहतो आणि आपले उघडे काम मात्र बंद होते. त्यापेक्षा रोज पूर्ण हायबरनेट आणि अधूनमधून पूर्ण रिस्टार्ट ही विभागणी अधिक सरळ आहे.

हायबरनेट कसे चालते

स्लीपमध्ये सगळे काम रॅममध्येच राहते आणि रॅमला वीज लागत असल्याने बॅटरी थोडी थोडी उतरत जाते. हायबरनेटमध्ये रॅममधील मजकूर संकुचित करून डिस्कवरील ‘हायबरफिल.सिस’ या लपलेल्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि यंत्र पूर्णपणे बंद होते. बॅटरी काढली, चार्जर काढला, आठ दिवस हात लावला नाही तरी चालते. बटण दाबले की तो मजकूर परत रॅममध्ये येतो आणि एक्सेलमधील कर्सर ज्या चौकटीत होता तिथेच सापडतो. ज्यांच्या लॅपटॉपची बॅटरी बसली आहे आणि ज्यांच्या भागात वीज वरचेवर जाते, त्यांच्यासाठी स्लीप धोक्याचे आहे, कारण वीज गेली की न जतन केलेले काम गेले. त्यांनी हायबरनेटच वापरावे.

फिरत्या डिस्कवरही हायबरनेटचा फायदा दिसतो. यंत्र नव्याने सुरू होताना जे हजारो विखुरलेले तुकडे वाचावे लागतात, त्याऐवजी येथे एक मोठी फाइल बहुतांशी सलग वाचली जाते, आणि सलग वाचनात ती डिस्क तेवढी वाईट नसते.

हायबरनेट सुरू करण्याच्या पायऱ्या

१. कंट्रोल पॅनल उघडून ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जावे आणि डावीकडील ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ यावर क्लिक करावे.

२. वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ अशी ओळ असते. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालच्या चौकटी करड्याच राहतात. पुष्कळ जण येथूनच परत फिरतात.

३. आता खाली ‘हायबरनेट’पुढील चौकटीत खूण करून ‘सेव्ह चेंजेस’ दाबावे. स्टार्ट मेनूतील पॉवरच्या चिन्हात ‘हायबरनेट’ दिसू लागेल.

ही चौकटच दिसत नसेल तर स्टार्ट मेनूत ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून त्यावर उजवे क्लिक करावे आणि तो ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा. आज्ञेची सुरुवात ‘पॉवर’ हा शब्द आणि त्याला लागूनच सी, एफ, जी ही अक्षरे अशी होते. मग मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला लागून एच, पुन्हा मोकळी जागा आणि ‘ऑन’. हे सगळे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. एवढ्याने काम झाले नाही, तर ‘ऑन’च्या जागी तिरकी रेघ व तिला लागून ‘टाइप’, मोकळी जागा आणि ‘फुल’ असे लिहावे. काही यंत्रांवर ‘हायबरफिल.सिस’ ही फाइल लहान स्वरूपात ठेवलेली असते आणि त्या स्वरूपात केवळ फास्ट स्टार्टअप चालते, हायबरनेट चालत नाही. त्याच मूळ शब्दापुढे तिरकी रेघ आणि ए एवढेच दिले, तर यंत्रावर कोणकोणते प्रकार उपलब्ध आहेत आणि जे नाहीत ते कशामुळे नाहीत, याची यादी मिळते.

पूर्ण स्वरूपातील ही फाइल सर्वसाधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा घेते. ८ जीबी रॅमला सुमारे ३.२ जीबी आणि १६ जीबीला ६.४ जीबी. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर आधी जागा करावी.

एसएसडी झिजेल ही शंका नेहमी विचारली जाते. ८ जीबी रॅमच्या यंत्रावर एका वेळी ३ जीबी लिहिले जाते असे धरले आणि दिवसातून दोनदा हायबरनेट केले, तरी वर्षाकाठी सव्वादोन टीबीच्या आसपास लेखन होते. २५० जीबीच्या अनेक एसएसडींना कंपन्या १५० टीबी लेखनाची हमी देतात. भागाकार केला तर साठ वर्षांहून अधिक भरतात. तेवढी वर्षे लॅपटॉपच टिकत नाही.

झाकण, वेळ आणि पिशवी

त्याच ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे, हे बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी वेगवेगळे ठरवता येते. चार्जर लावलेला असताना ‘स्लीप’ आणि बॅटरीवर ‘हायबरनेट’ ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण झाकण मिटून बाहेर पडणारा माणूस बहुधा बॅटरीवरच असतो. पॉवर बटणालाही हायबरनेटच नेमून द्यावे. शिवाय ‘चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’मध्ये ‘स्लीप’खाली ‘हायबरनेट आफ्टर’ असते. तेथे बॅटरीसाठी ६० मिनिटे दिली तर स्लीपमध्ये विसरलेला लॅपटॉप तासाभराने स्वतःच हायबरनेट होतो.

नव्या लॅपटॉपांत जुन्या पद्धतीच्या स्लीपऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते, ज्यात झाकण मिटल्यावरही यंत्र मोबाइलसारखे नेटशी जोडलेले राहू शकते. लोकलच्या गर्दीत पिशवीतला लॅपटॉप गरम लागणे आणि घरी पोहोचेपर्यंत बॅटरी अर्धी होणे, यामागे पुष्कळदा हेच कारण असते. त्यावरही झाकणाला हायबरनेट नेमणे हाच खात्रीचा इलाज. झाकण मिटल्यावर मात्र लगेच पिशवीत टाकू नये. पॉवरचा दिवा पूर्ण विझेपर्यंत लेखन चालू असते. फिरती डिस्क असेल तर त्या काळात बसलेला धक्का तिला महागात पडू शकतो.

रिस्टार्ट कधी करावे

हायबरनेट कितीही सोयीचे असले तरी रिस्टार्टला ते पर्याय नाही. विंडोजची सुरक्षाविषयक मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि भारतात ती त्या रात्री किंवा बुधवारी पोहोचतात. त्या आठवड्यात ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ टाळू नये. नवा ड्रायव्हर बसवला, जागे झाल्यावर वाय-फाय किंवा ब्लूटूथ सापडेनासे झाले, किंवा मोजकीच अ‍ॅप्स उघडी असताना रॅम भरलेली दिसली, तर रिस्टार्ट करावे. एरवी आठवड्यातून एकदा पुरते.

रॅम बदलणे किंवा डिस्क काढणे अशा कामांपूर्वी, तसेच त्याच यंत्रावर लिनक्स ही दुसरी प्रणालीही असेल तर त्यात शिरण्यापूर्वी, हायबरनेट किंवा साधे शट डाउन पुरेसे नाही. शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक केले की यंत्र पूर्ण बंद होते. दोन प्रणाली वापरणाऱ्यांनी तर फास्ट स्टार्टअपच्या चौकटीतील खूण कायमची काढावी. ती चौकट हायबरनेटच्या चौकटीशेजारीच असते, आणि ती बंद केली तरी हायबरनेट चालू राहते.

नेहमीच्या अडचणी

हायबरनेट केलेले यंत्र मध्यरात्री आपोआप जागे होत असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’मधील ‘अलाऊ वेक टाइमर्स’ बंद करावे. स्लीपमधून जाग येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउस आणि नेटवर्क कार्ड यांच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये यंत्र जागे करण्याची जी परवानगी असते, ती काढावी. जागे होण्याऐवजी यंत्र दर वेळी नव्यानेच सुरू होत असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून बायॉस आणि डिस्कचे ड्रायव्हर अद्ययावत करावेत.

बँकेची आणि सरकारी पोर्टलची पाने जागे झाल्यावर उघडी दिसली, तरी त्यांचे लॉगिन संपलेले असते. अर्धा भरलेला फॉर्म आधी ‘सेव्ह ड्राफ्ट’ केल्याशिवाय हायबरनेट करू नये. कार्यालयाचे व्हीपीएनही पुन्हा जोडावे लागते. पेन ड्राइव्हच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी: तो लावलेला असताना हायबरनेट करून नंतर उपसला, दुसऱ्या संगणकावर त्यात फाइली भरल्या आणि परत लावून लॅपटॉप जागा केला, तर विंडोजच्या स्मरणात जुनीच यादी असल्याने त्यावरील फाइली बिघडू शकतात. म्हणून हायबरनेटपूर्वी पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी.